तालुके सोळा, वही एक

पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोरणाखाली बैलजोड्या येऊन उभ्या राहिल्या, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात झडत्या सुरू होतात. एकाने झडती म्हणायची, दुसऱ्याने तिच्यावर ताण करायची, आणि शेवटी साऱ्या गावाने महादेवाच्या नावाचा गजर करायचा. कपाशीचा भाव, सावकाराचे व्याज, पुढाऱ्यांची आश्वासने, घरातली सासू-सून, यांपैकी झडतीत काय येत नाही? आणि मौज अशी की तीच झडती वणीकडे एका तऱ्हेने म्हणतात, पुसदकडे दुसऱ्या तऱ्हेने. दारव्ह्याच्या माणसाला विचारावे, तर तो म्हणतो, "छे, छे, ती तशी नाहीच!"

या झडत्या कोणीतरी नीट लिहून ठेवाव्यात, मुलांसाठी त्यांचे चित्रांसह एक लहानसे पुस्तक करावे, असे पुष्कळांच्या मनात येते. शिक्षकांच्या तर येतेच येते. पण काम एकट्याचे नाही. जिल्ह्याचे तालुके सोळा. उमरखेडच्या गुरुजींनी वणीला जायचे म्हटले, तर एक दिवस जाण्यात आणि एक दिवस येण्यात मोडतो. शाळा सोडून इतके हिंडणार कोण? शिवाय ज्याला झडत्या ठाऊक, त्याला लिहिण्याचा सराव नाही. ज्याला लिहिता येते, त्याला चित्र काढता येत नाही. आणि गावातला जो मुलगा चित्रे काढण्यात तरबेज, तो शिकायला नागपुरास किंवा पुण्यास गेलेला. माणसे आहेत, गुण आहेत, पण ती एका ओसरीवर बसत नाहीत.

अशा दूरदूरच्या माणसांनी इंटरनेटच्या आधारे एकत्र लिहावे, चित्रे काढावीत, एखादे पुस्तक तडीस न्यावे, यासाठी आज पुष्कळ साधने निघाली आहेत. ती कशी चालतात, आणि ती हाती घेताना काय सांभाळावे, एवढे आज आपल्याला पाहायचे आहे. उदाहरणादाखल आपण हे झडत्यांचे पुस्तकच डोळ्यांपुढे ठेवू.

प्रथम, आपण सध्या काय करतो ते पाहा. मोबाईलवर व्हॉट्सॲपचा एक गट काढतो. त्यावर घाटंजीच्या बाई चार झडत्या टाकतात. नेरचे गुरुजी त्या उतरवून घेतात, दोन शब्द बदलतात आणि परत पाठवतात. तेवढ्यात आर्णीहून तिसरी प्रत येते. मग "फायनल", "नवी फायनल", "हीच खरी फायनल" अशा नावांच्या फायली गटात जमू लागतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सकाळचे सुविचार त्यांच्यावर येऊन पडतात. महिन्याभराने कोणती प्रत खरी, हे खुद्द गट काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. दोष माणसांचा नाही. गट हा चावडीसारखा असतो. चावडीवर बोलणे व्हावे, पण चावडीवर वही लिहिता येत नाही.

वही लिहायची तर वही एकच हवी, आणि ती सगळ्यांच्या हाताशी हवी. हे दोन्ही एकाच वेळी कसे व्हावे? कागदाच्या वहीला ते साधत नाही. ती एका वेळी एकाच घरी असते. संगणकावर मात्र साधते. हा विचार तसा जुना आहे. १९६८ सालच्या डिसेंबरच्या ९ तारखेला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने एका मोठ्या सभेपुढे एक प्रयोग करून दाखवला. सुमारे तीस मैलांवर बसलेला त्याचा सहकारी आणि तो स्वतः, दोघांनी पडद्यावरच्या एकाच मजकुरावर मिळून काम केले. आणि दोघे एकमेकांशी बोलतही होते. पाहणारे थक्क झाले. ही सोय सामान्य माणसाच्या हाती यायला मात्र पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली. गूगलची लेखनवही, जिला गूगल डॉक्स म्हणतात, ती २००६ साली निघाली. तशाच आणखीही काही वह्या आहेत. नाव कोणतेही असो, रीत साधारण एकच.

ती रीत अशी. समजा, एका मोठ्या दुकानात एक मुनीम बसला आहे. दहा गावांहून दहा माणसे त्याच्याकडे चिठ्ठ्या पाठवतात: "अमक्या ओळीनंतर हा शब्द घाला", "तमका शब्द काढा". मुनीम चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने लावतो, एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या आड येत असेल तर ओळींचा हिशेब जुळवून घेतो, वहीत नोंद करतो आणि तीच नोंद दहाही जणांना तत्काळ कळवतो. प्रत्येकाच्या पडद्यावर दिसणारे पान हे त्या एकाच वहीचे पान. मुनीम म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. आपण एक अक्षर उमटवले, की एक चिठ्ठी गेली. हे इतक्या लवकर होते, की दोघे एकाच वेळी एका पानावर लिहू लागले, तरी एकमेकांची अक्षरे उमटताना दिसतात.

या वहीत तीन सोयी अशा आहेत, की शिक्षकांनी त्या अवश्य शिकून घ्याव्यात. पहिली, अधिकार वाटून देण्याची. कोणी नुसते वाचावे, कोणी समासात शेरा लिहावा आणि कोणी प्रत्यक्ष मजकूर बदलावा, हे आपण ठरवू शकतो. दुसरी सोय सूचना करण्याची. मूळ शब्द न पुसता त्याच्या शेजारी आपला शब्द सुचवता येतो. मूळ शब्दावर रेघ दिसते, पण तो जागेवर राहतो. संपादकाने मान्य केले, तरच बदल होतो. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोलाची, सोय इतिहासाची. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी काय बदलले, हे वही स्वतःच टिपून ठेवते. आठ दिवसांपूर्वीचे पान पुन्हा उघडून पाहता येते, आणि हवे तर तसेच्या तसे परतही आणता येते.

ही तिसरी सोय इतकी मोलाची का, ते सांगतो. आणि त्यासाठी आपल्याला दूर जावे लागणार नाही. वऱ्हाडातल्याच एका फार जुन्या पुस्तकाची ही गोष्ट आहे.

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे, ते 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास सिद्ध झाले. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी त्यात आहेत. त्या एकट्या म्हाइंभटांच्या आठवणी नव्हेत. स्वामींच्या सहवासातली माणसे ठिकठिकाणी विखुरलेली होती. म्हाइंभटांनी त्यांना गाठून गाठून विचारले आणि मिळालेला मजकूर नागदेवाचार्यांकडून पारखून घेतला. म्हणजे सांगणारे अनेक, लिहिणारा एक आणि तपासणारा एक. दूरदूर राहणाऱ्या माणसांनी मिळून केलेले पुस्तक म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणींतून ती पुन्हा उभी राहिली, असे पंथाची परंपरा सांगते. आता आठवणी म्हटल्या, की फरक आलेच. एक म्हणे प्रसंग असा घडला, दुसरा म्हणे तसा. पण त्या मंडळींनी एकाचे ठेवून दुसऱ्याचे पुसले नाही. अमक्याची 'वासना' अशी, म्हणजे अमक्याला आठवणारा पाठ असा, आणि तमक्याचा असा, हे त्यांनी नावांनिशी पोथीतच लिहून ठेवले. हिराइसा नावाच्या साध्वीची स्मरणशक्ती विलक्षण होती. तिचा पाठही तिच्या नावावर आहे. सातशे वर्षांनंतर आज आपल्याला कळते, की ही ओळ कोणाची.

या महानुभाव पोथ्यांचा अभ्यास करणारे एक थोर गृहस्थ आपल्या यवतमाळातच होऊन गेले. यशवंत खुशाल देशपांडे हे त्यांचे नाव. यवतमाळचा शारदाश्रम त्यांनी उभा केला, आणि 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासकाला जुन्या पोथीतून काही निष्कर्ष काढता येतात, ते नोंदणाऱ्यांनी नावे आणि पाठभेद राखले म्हणूनच. त्यांनी सगळे एकसारखे गुळगुळीत करून ठेवले असते, तर अभ्यासाला उरले काय असते?

आता परत आपल्या झडत्यांकडे येऊ. समजा, झरी-जामणीच्या एका आजोबांनी झडती सांगितली. तीत खास वऱ्हाडी शब्द आहेत. एखादा कोलामी किंवा गोंडीही शब्द आहे. ती वहीत उतरली. रात्री यवतमाळचे एक गुरुजी वही उघडतात. त्यांचे व्याकरण पक्के, मन निर्मळ. त्यांना वाटते, मुलांच्या हाती जाणारे पुस्तक शुद्ध असावे. ते चार शब्द सुधारतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई यमक नीट बसवतात. दोघांनीही प्रेमानेच केले. पण आठ दिवसांनी त्या पानावर जी झडती उरते, ती झरीची नसते आणि यवतमाळचीही नसते. ती कोणत्याच तोरणाखाली कधी कोणी म्हटलेली नसते. आणि ज्यांनी ती सांगितली, ते आजोबा वही वाचणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांच्या वतीने हरकत घेणार कोण?

श्रोतेहो, या साधनांचा खरा धोका हा आहे. कागदावर खोडले, तर खोडलेले दिसते. इथे बोट फिरवले, की पान पुन्हा कोरे करकरीत. जो अधिक शिकलेला, ज्याचा हात मोबाईलवर अधिक चालतो, ज्याच्या गावी रेंज चांगली, त्याचा शब्द नकळत वर राहतो. आणि ज्याच्याकडे खरा ठेवा आहे, त्याचा शब्द गुपचूप नाहीसा होतो. कोलामी ही स्वतंत्र द्राविडी भाषा आहे. तिच्यातला एक शब्द चुकीचा समजून आपण "दुरुस्त" केला, तर तो कुठल्या कोशात जाऊन शोधावा?

म्हणून अशी वही सुरू करण्यापूर्वी मंडळींनी चार गोष्टी आपापसांत ठरवून घ्याव्यात.

एक. सांगितलेला मजकूर सांगितला तसाच राहील. ज्याला बदल हवा, त्याने सूचना करावी किंवा समासात शेरा लिहावा. मुलांसाठी सोपा पाठ हवा असेल, तर तो खाली वेगळा द्यावा. वणीचा आणि पुसदचा पाठ जुळत नसेल, तर दोन्ही ठेवावेत. मुलांना त्यात गोडीच वाटेल. वर्गात वाद रंगेल, आणि वादातून शिकणे होईल.

दोन. प्रत्येक झडतीखाली गाव, तालुका, सांगणाऱ्याचे नाव, लिहून घेणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. सांगणाऱ्याला आधी विचारावे, की हे पुस्तकात छापले तर चालेल ना, नाव घातले तर चालेल ना. त्याने नाही म्हटले, तर त्याचा शब्द मोडू नये. शक्य तर आवाजही टिपून ठेवावा. झडतीचा ठसका कागदावर पुरता उतरत नाही.

तीन. संपादक एकच असावा, फार तर दोन. दहा जण बदल करू लागले, तर वहीची जत्रा होते. संपादकाने दर आठवड्याला पानाची एक पक्की आवृत्ती तारखेसह नाव देऊन ठेवावी, म्हणजे गोंधळ झालाच, तर मागे जायला एक खूण असते.

चार. कोणाकडे कोणते काम, हे सगळ्यांना दिसेल असे लिहिलेले असावे. यासाठीही साधने आहेत. एक फळा असतो, त्यावर "करायचे", "चालू", "झाले" असे तीन रकाने आणि प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम सरकले, की चिठ्ठी सरकवायची. पण वहीच्या पहिल्या पानावर साधा तक्ता काढला, तरी भागते. महिन्यातून एकदा सगळ्यांनी चित्रफोनवर अर्धा तास बसावे. मुख्य म्हणजे, जे बोलणे झाले, ते कोणीतरी वहीत उतरवावे. बोललेले विरून जाते.

ही शिस्त आपल्या लोकांना नवीन नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा उद्योग नागपुरात आरंभला, पुढे तो पुण्यास नेला, आणि तेवीस खंड मराठीला दिले. ते दिवस टपालाचे आणि छापखान्याचे होते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता विश्वकोशाच्या नोंदींसाठी निरनिराळ्या संस्थांमधून विषयवार ज्ञानमंडळे नेमली आहेत. आणि मराठी विकिपीडिया तर २००३ सालच्या महाराष्ट्रदिनी, म्हणजे १ मे रोजी, सुरू झाला. त्यात आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही. तरी काम चालते, कारण प्रत्येक लेखाला जोडून एक इतिहासाचे पान आणि एक चर्चेचे पान आहे. भांडायचे तर चर्चेच्या पानावर. आणि पुसले, तर ते इतिहासात दिसते.

आता आपल्याकडच्या अडचणी. पहिली अडचण रेंजची. २०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा झाडावर, टेकडीवर जाऊन रेंज शोधणारी मुले आपण ऐकली-पाहिली. शिक्षकही त्या दिवसांत पुष्कळ शिकले. तेव्हा हे ध्यानात ठेवा, की वही फोनमध्ये आधी उतरवून ठेवता येते. तशी सोय चालू केली, की इंटरनेट नसतानाही लिहिता येते, आणि तालुक्याच्या गावी आलात, की मजकूर आपोआप मुख्य वहीला जाऊन मिळतो. मात्र अशा वेळी दोघांनी एकाच ओळीवर काम करू नये. आपापली पाने वाटून घ्यावीत.

दुसरी अडचण अक्षरांची. जुन्या संगणकांवर ज्या निरनिराळ्या अक्षरसंचांत आपण मराठी टंकित करत होतो, त्यांतला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर गेला, की भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून लिहिणे युनिकोडमध्येच करावे. मोबाईलचा मराठी कळफलक युनिकोडचाच असतो. बोलून लिहिण्याची सोयही गूगलने २०१७ पासून मराठीला दिली आहे. ज्यांना टंकनाचा कंटाळा, त्यांना ती वरदानच. पण बोलीतला शब्द कळला नाही, की ते यंत्र जवळचा प्रमाण शब्द लिहून मोकळे होते. तेव्हा यंत्राने लिहिलेले माणसाने कानाशी ताडून पाहावे. तसेच चित्रे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, की ती बारीक होतात आणि छापताना पुसट येतात. ती दस्तऐवज म्हणून पाठवावीत, किंवा सामाईक कपाटात, म्हणजे ज्याला फोल्डर म्हणतात त्यात, मूळ आकारात ठेवावीत.

तिसरी अडचण किल्लीची. वही ज्याच्या खात्यात उघडली, तो तिचा मालक. गुरुजींची बदली झाली, ते निवृत्त झाले, किंवा फोन हरवून खाते बंद पडले, तर वहीचे काय? खाजगी खाते दोन वर्षे कोणी वापरले नाही, तर ते काढून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ च्या अखेरीपासून लागू केला आहे. म्हणून वहीवर निदान दोघांचा पूर्ण अधिकार असावा. लिहिताना प्रत एकच असावी, हे आपण पाहिले. पण जपताना प्रती अनेक हव्यात. काम संपले, की वही उतरवून घ्यावी, छापावी, आणि एकेक प्रत शाळेत, गावच्या वाचनालयात आणि झडती सांगणाऱ्याच्या घरी ठेवावी. एकुलत्या पोथीचे काय होते, ते लीळाचरित्राच्या कथेने आपल्याला सांगितलेच आहे. आणि त्या वेळी पोथी परत उभी राहिली, ती ज्यांना ती पाठ होती अशी माणसे होती म्हणून. आपल्या झडत्या ज्यांना पाठ आहेत, ती पिढी आज वयोवृद्ध आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत एखादा उत्साही शिक्षक, एखादी हौशी बाई आहेच. सोळा जणांनी महिन्याला चार झडत्या उतरवल्या, तर पुढच्या पोळ्याच्या आत सातशेंवर झडत्या होतील. चित्रे मुलांकडून काढून घ्या. शहरात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना मांडणीच्या कामाला लावा. त्यांनाही गावाशी धागा राहील. पैसा फारसा लागत नाही. लागतो तो नेम, आणि दुसऱ्याच्या शब्दाविषयी थोडा आदर.

उद्याच एखाद्या आजोबांपाशी जाऊन बसा. त्यांनी म्हटलेली झडती जशीच्या तशी उतरवा, खाली त्यांचे नाव लिहा, आणि मगच ती वही दुसऱ्या गावच्या मित्राला उघडून द्या.